चाड्यावरची मूठ

पडवीत सोफा ठेवायचा म्हणून मी पाभर जाळली. तेव्हा अक्कल म्हणून माझ्याकडे जी काही होती, ती सोफ्याच्या कव्हरला मॅचिंग होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बोरी बुद्रुकला आमच्या घरी ट्रॅक्टर आला, त्यामागं पेरणीचं यंत्र आलं आणि बैलांची पाभर पडवीत आडवी पडली. पाभरीवर भोकं पाडलेला, कडेला लोखंडी पट्टी ठोकलेला लाकडी वाडगा असतो, त्याला चाडं म्हणतात. मागून चालत त्यात मुठीनं बी सोडायचं, की नळ्यांतून ते प्रत्येक तासात, म्हणजे सरीत, सारखं पडतं. माझ्या सासूबाईंची, म्हणजे आत्याबाईंची मूठ शिवारात नावाजलेली. लोक पेरणीला त्यांना न्यायला यायचे.

दरवर्षी त्या म्हणायच्या, "ये गं, चाड्यावर हात धर. मी हाये तवर शिकून घे."

"आता यंत्र पेरतंय की, आत्याबाई!"

मी बारावी पास. नखांना पॉलिश. बाजरीच्या दाण्यांनी ते उडालं असतं ना!

त्या लेकीकडे गेल्या तेव्हा मी पाभर फोडून आठवडाभर बंबात घातली. चाडं सगळ्यात शेवटी. परत आल्यावर त्यांनी सोफा पाहिला.

"पाभर कुठंय?"

"वाळवी लागली व्हती. टाकली."

"बाभळीला वाळवी?" एवढंच म्हणून त्या खाली जमिनीवर बसल्या. त्या सोफ्यावर पुढं माणसं कमी आणि लसणाच्या जुड्याच जास्त बसल्या.

दहा-बारा वर्षांनी निमगाव साव्याला एका निवृत्त गुरुजींनी जुन्या शेती-अवजारांचं संग्रहालय मांडलं. आत्याबाईंना मीच हौसेनं घेऊन गेले. तिथं पाभर होती आणि तिच्या चाड्यात प्लास्टिकची फुलं. आत्याबाईंनी फुलं काढून माझ्या हातात दिली आणि रिकामी मूठ चाड्यावर धरली. अंगठा आपोआप हलू लागला.

गुरुजी म्हणाले, "आजी, सूनबाईंना शिकवा की. वस्तू जमल्या, पण त्या चालवणारं कुणी उरलं नाही."

"हिला? हिची नखं खराब व्हतील!"

सगळे हसले, सगळ्यात मोठ्यानं मी. मग मी खरंच हात पुढं केला. गुरुजींनी आणलेली बाजरी मी सोडली, ती सगळी एकाच भोकात गेली. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं, पण त्यांचाच हात इतका कापत होता की दाणे फरशीवर सांडले.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "आता मलाबी जमंना."

परतताना जीपमध्ये त्या हळूच बोलल्या, "चाड्याची लोखंडी पट्टी मला राखंत घावली व्हती."

"मग तवाच बोलला का न्हाई?"

"तू खोटं बोलून लई दमली व्हतीस."

त्यावर माफी मागायला हवी होती. मी जीपवाल्याला काच वर करायला सांगितलं, वारं लागतंय म्हणून.

त्या गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत लुगड्याखाली ती पट्टी सापडली, तेल लावून फडक्यात गुंडाळलेली. मी ती संग्रहालयात नेऊन दिली.

"चिठ्ठीवर काय लिहू?" गुरुजींनी विचारलं. "हिचं चाडं कुठं आहे?"

वाळवी अगदी जिभेवर आली होती.

"जाळलं," मी म्हटलं. "सुनेनं जाळलं, असंच लिहा."