हळदीचं बोट

एकादशीची साबुदाण्याची खिचडी अंगावर येते हे ठाऊक असूनही सुनेत्राबाई ती दोनदा घेतात, आणि मग ‘मला बाई दुपारी झोप येत नाही’ असं सांगत आरामखुर्चीत बसतात. झोप येते. फक्त ती कुणाला दिसू नये म्हणून त्या हातात काहीतरी वाचायला धरतात, चष्मा नाकावर ठेवतात आणि बसल्या जागी तासभर गायब होतात.

आज त्यांच्या मांडीवर मुद्रितं आहेत, त्यांच्याच पंधराव्या कादंबरीची. पाचच्या गाडीने ती कोल्हापूरला छापखान्यात जायची आहेत. शेवटच्या पानावर नायिका स्टेशनच्या बाकावर एकटी बसली आहे आणि नायक कायमचा निघून गेला आहे. बाकी सगळ्या पानांवर तपासल्याची सही झाली, या एकावर नाही. सकाळपासून पेनाचं टोपण तीनदा निघालं आणि तीनदा बसलं.

खाली अंगणात पिंजारी कुणाच्या तरी गादीचा कापूस पिंजतोय. टण्ण, टण्ण. त्या आवाजाबरोबर कापसाचा पुंजका खिडकीपर्यंत वर येतो, थबकतो, आत येतो. सुनेत्राबाई त्याच्याकडे बघत राहतात. पुंजका मोठा होत जातो. टण्ण.

ही वाचनालयाच्या काउंटरवरची घंटा आहे.

वाचनालय तेच, सांगलीच्या पेठेतलं, जिन्याखालचं. पण कपाटांच्या जागी डाळी-पिठांचे डबे छतापर्यंत रचलेत आणि प्रत्येकाला क्रमांकाची चिठ्ठी चिकटवलेली आहे. काउंटरमागे पदर खोचून नलूवहिनी बसल्या आहेत. नलूवहिनी म्हणजे सुनेत्राबाईंच्या थोरल्या जाऊबाई. त्यांना जाऊन सात महिने झाले.

“उशीर केलास,” वहिनी म्हणतात. “खिचडी दोनदा घेतलीस ना?”

“एकदाच,” सुनेत्राबाई म्हणतात.

“मेलेल्या माणसाशी तरी खरं बोलावं गं.”

वहिनी हात लांब करून तुरीच्या डाळीचा डबा ओढतात, डाळीत कोपरापर्यंत हात घालतात आणि पुस्तक काढतात. पानांतून डाळ गळते. हे काही स्वप्नाचं नवल नाही. वहिनींची पुस्तकं एकत्र कुटुंबातल्या त्या स्वयंपाकघरात खरोखरच डाळीच्या डब्यात असत. पुरुषांपैकी कुणी त्या डब्यात हात घालण्याची शक्यता नव्हती.

वहिनी पुस्तकाचं शेवटचं पान उघडून दाखवतात. कोपऱ्यात हळदीच्या बोटाचा पिवळा ठसा, आणि ठशाला तिरकी चीर.

वाचनालयातल्या बायकांच्या खुणा असत. प्रेमाच्या कादंबऱ्यांची नावं सगळी एकाच कुळातली, त्यामुळे हे वाचलंय की नाही हे कळायला कुणी सत्ताविसाव्या पानाच्या आकड्याला गोल करी, कुणी मलपृष्ठाच्या आत त्रिकोण काढी. वहिनींना स्वयंपाकघरात पेन कुठलं सापडायला! त्या हळदीचं बोट उमटवीत. विळीवर कापलेल्या जुन्या व्रणाची रेघ त्यात हमखास यायची. ग्रंथपालाने दोनदा दंडाची धमकी दिली, मग गप्प बसला; कारण बाकीच्या बायका पुस्तक घेण्याआधी शेवटचं पान उघडून ते बोट शोधायला लागल्या. नलूवहिनी शेवट आवडल्याशिवाय बोट लावत नसत. बोट आहे, म्हणजे पुस्तक घरी न्यायला हरकत नाही.

“हे तुझं पहिलं,” वहिनी म्हणतात.

“रेवती इनामदारचं,” सुनेत्राबाई सवयीने म्हणतात.

वहिनी हसून डबा परत जागेवर सरकवतात.

काउंटर आता जेवणाचं मोठं टेबल झालं आहे. टोकाला वहिनींचे यजमान, अण्णा, बसलेत. जेवताना कानाशी रेडिओ, त्यावर बाजारभाव. अण्णा रेडिओपेक्षा मोठ्या आवाजात म्हणतात, “आज आमटी करपली का? कुठला डॉक्टर भेटला आज, नलू? का इंजिनियर होता?” सगळं टेबल हसतं. सुनेत्राबाई आपलं तोंड बघतात. तेही हसतंय. दात दिसतायत.

असं किती वर्षं चाललं ते सुनेत्राबाईंना नेमकं माहीत आहे, कारण ती एकूण चौदा कादंबऱ्यांची वर्षं होती. शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईंनी असलं लिहावं हे शोभलं नसतं, म्हणून रेवती इनामदार. चौदा कादंबऱ्यांत अकरा नायक डॉक्टर होते. वाचल्या वहिनींनी, टोमणे खाल्ले वहिनींनी, आणि लिहिणारी समोर बसून भाताचा घास घेत हसली. एकदा तर ‘वहिनी, अहो, जरा चांगलं काही वाचा की’ असंही म्हणाली.

“वहिनी, ते मी...”

“भात घे.”

“तुम्हाला माहीत होतं तेव्हा?”

“पहिल्याच पुस्तकात. तुझ्या नायिका रागावल्या की घासलेली भांडी परत घासतात. असं जगात एकच माणूस करतं.” वहिनी वाढता वाढता हसतात. “अण्णांना सांगावंसं वाटायचं हो कधी कधी, की मला काय हसता, तो डॉक्टर तुमच्या भावजयीने पाठवलाय. पण म्हटलं, तुझं लिहिणं थांबलं तर मी वाचू काय?”

सुनेत्राबाईंच्या ताटातला भात पांढरा शुभ्र, कापसाचा आहे. गिळवत नाही.

“तुम्ही एवढं ऐकून घेऊन वाचत का राहिलात?”

“तू का लिहीत राहिलीस ते सांग आधी.”

सुनेत्राबाईंना खोटं सुचत नाही. “घरात कोण आधी बोलणार, कोण गप्प बसणार, हे सगळं ठरलेलं होतं,” त्या म्हणतात. “वहीत ते मी ठरवायची. भांडण झालं तर त्याने येऊन माफी मागायची, हे मी ठरवायची. आणि तो मागायचा, वहिनी! कुरकुर न करता.”

“मग मलाही तेच हवं होतं की.” वहिनी टेबलाच्या कडेला टेकतात. “लोकांना वाटतं, बायका चुंबनासाठी वाचतात. ते असतंच, मी काही देवळातली समई नाही. पण मी एक पान किती वेळा वाचलं असेन! सहाव्या पुस्तकातलं. ती बोलायला लागते आणि तो रेडिओ बारीक करतो.”

“एवढंच?”

“एवढंच. काही विशेष बोलत नसते ती. दूधवाल्याचं काहीतरी सांगत असते. पण तो हात लांब करून बटण फिरवतो. मी पुस्तक मिटलं आणि डाळ शिजेपर्यंत भिंतीला टेकून बसले.”

अण्णांचा रेडिओ आता इतका मोठा झालाय की टेबल थरथरतंय. सुनेत्राबाई हात लांब करतात, पण बटणापर्यंत हात पोचत नाही. टेबल लांबत जातं, त्यावर पांढरी चादर अंथरली जाते, आणि ते इस्पितळातली खाट होतं.

या खोलीत यायला नको, असं सुनेत्राबाईंना वाटतं. पण दार कुठे आहे ते दिसत नाही.

वहिनी उशीला टेकून बसल्यात. हाताला सलाइनची सुई, बोटं स्वच्छ, हळदीशिवाय परकी वाटणारी. ही दुपार सुनेत्राबाईंनी जागेपणी पाहिलेली आहे. याच खोलीत वहिनी म्हणाल्या होत्या, ‘सुने, ते नवीन लिहितेस ते आण इथे.’ वहिनींना सगळं ठाऊक होतं हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग आठ दुपारी सुनेत्राबाईंनी खाटेशी बसून एकोणीस प्रकरणं वाचून दाखवली. एकूण वीस होती.

“शेवट सांग,” वहिनी म्हणतात, त्या आठव्या दुपारच्याच आवाजात.

आणि सुनेत्राबाईंचं तोंड त्या दिवशीचंच वाक्य बोलतं, लाडिक, शाळेतल्या पोरींना गोष्ट अर्ध्यावर सोडताना बोलायच्या तसं: “अहो, छापून येऊ दे की! आत्ताच सांगितलं तर मजा काय?”

त्यानंतर तिसऱ्या दिवशी वहिनी गेल्या.

“मजा,” खाटेवरच्या वहिनी म्हणतात. रागाने नाही. शब्दात खडा लागतो का बघावं तशा.

“मजेसाठी नव्हतं ते,” सुनेत्राबाई म्हणतात. आता बोलायलाच हवं. “शेवट ठरलेला होता. तो तिला सोडून जातो. ती एकटी राहते. तुमच्याकडे बघून ते सांगायला मला तोंड नव्हतं.”

“का जातो तो?”

“प्रकाशक म्हणाले, बाई, एकदा शोकान्त द्या, मग तुम्हाला गंभीर लेखकांत धरतील. आणि या वेळी टोपणनाव नको, खरं नाव घालू.”

सलाइनमधून थेंब पडतो, तो पिवळा असतो.

“म्हणजे चौदा वेळा आम्हाला सुखात ठेवलंस ते दुसरीच्या नावाने,” वहिनी सावकाश म्हणतात, “आणि रडवणार ते स्वतःच्या.”

सुनेत्राबाई खाली बघतात. त्यांच्या हातात घासलेलं पातेलं आहे आणि त्या ते परत घासतायत.

“अगं, दुःख आम्हाला नवीन होतं का?” वहिनी म्हणतात. “तुझ्या पुस्तकात काय कमी रडले मी? तो गैरसमज करून घेतो, ती माहेरी जाते, आई आजारी पडते. सोसलं सगळं. का सोसलं? तर शेवटी तो येणार, हे ठाऊक असायचं. माझं मधलंच सगळं होतं, सुने. शेवट तेवढा तुझ्याकडून घ्यायची.”

“मी आत्ता सांगते. आत्ता बदलते. तो परत येतो, वहिनी, स्टेशनवर येतो, तिला...”

“मला बरं वाटावं म्हणून घाईघाईत आणू नकोस त्याला. तसा आलेला मला कळतो. आठव्या पुस्तकात आणला होतास, परीक्षेचे पेपर तपासायचे होते म्हणून. त्याला बोट नाही लावलं मी.”

“मग काय करू?”

“तुला तो यायला हवाय का, ते बघ. तू बसलेली आहेस ना त्या बाकावर?”

खाट बाक आहे. स्टेशनवर कुणी नाही, रुळांवर कापूस पडलाय. सुनेत्राबाई बसल्या आहेत, शेजारी वहिनी, मध्ये मुद्रितांचा गठ्ठा. लांबून रेडिओवरचे बाजारभाव ऐकू येतात.

“वहिनी, मी हसायला नको होतं. टेबलावर.”

“नकोच होतं,” वहिनी म्हणतात. त्या ‘जाऊ दे’ म्हणत नाहीत. सुनेत्राबाई वाट बघतात, पण त्या म्हणतच नाहीत. त्या उठतात, कमरेला खोचलेल्या पदरातून चिमूटभर काहीतरी काढतात आणि गठ्ठ्यावर वाकतात.

“अहो, अजून लिहिलं नाही मी!”

“मला थांबायला वेळ नाही. तू लिहिशील तेव्हा लिही.”

टण्ण.

चष्मा मांडीवर पडलाय. पिंजारी आपलं पिंजायचं धनुष्य आवरतोय आणि घड्याळात पावणेचार झालेत. सुनेत्राबाई तोंडावरून हात फिरवतात, गालाला आरामखुर्चीच्या कडेचा वळ उठलाय.

गठ्ठा पायाशी उलटा पडला आहे, शेवटच्या पानाची कोरी पाठ वर. कोऱ्या पाठीच्या तळाला, उजव्या कोपऱ्यात, पिवळा ठसा.

त्या उठून स्वयंपाकघरात जातात. एकादशी, हळदीचा डबा सकाळपासून फडताळात आहे, झाकण घट्ट. त्या परत येतात, स्वतःची दाही बोटं खिडकीच्या उजेडात धरतात. निळी शाई आहे, बाकी काही नाही. मग उजवी तर्जनी हळूच ठशाशेजारी टेकवतात. त्यांचं बोट रुंद आहे. आणि त्यांच्या बोटाला तिरकी चीर नाही.

ठशाच्या वर सबंध पान कोरं आहे. वहिनींनी आयुष्यात एकदाही वाचण्याआधी बोट लावलं नव्हतं.

सुनेत्राबाई ठसा पुसत नाहीत. खुर्ची खिडकीशी ओढतात, पान मांडीवर नीट करतात आणि टोपण काढून दूर टेबलावर ठेवतात, सहज हाताला लागणार नाही असं. बाकावर बसलेली बाई काय म्हणते ते बराच वेळ ऐकतात. मग अगदी वरून, पहिल्या ओळीपासून, पिवळ्या कोपऱ्याच्या दिशेने लिहायला लागतात.