चैत्रात रायपूरला घर बघायला

कॅनडातल्या थंडीनं माझा नवरा नेला, असं मी म्हटलं की माझी मुलगी चिडते. "हार्टअटॅक होता, आई." असेल. पण दारासमोरचा बर्फ काढता काढताच पडला ना तो? मग? त्यानंतरचे हिवाळे मी एकटीनं काढले. कधी कधी आठवडा उलटायचा अन् माझ्या तोंडून एक मराठी शब्द निघायचा नाही. मुलगी राहते विमानानं जावं लागेल इतकी लांब. शेवटी मी स्वतःलाच म्हटलं, बाई, पुरे झालं आता. उरलंसुरलं आयुष्य रायपूरला, उन्हात, आपल्या माणसांत काढू. आधी जाऊन राहून बघू, जमलं तर इथलं घर विकू.

थोरल्या भावाला फोन केला. "ये ना," दादा म्हणाला, "विचारून काहून राहिली? तुझंच घर आहे."

मुद्दाम चैत्रात गेले. डिसेंबरात येऊन "काय छान हवा आहे हो" म्हणणाऱ्या पाहुण्यांतली मला व्हायचं नव्हतं. मला राहायचं होतं, मे महिन्यासकट. चौबे कॉलनीत दादाच्या घरी उतरले, कूलरसमोर ठाण मांडलं, आणि सुरुवातीचे दिवस इतकी सुखात होते की काय सांगू! सकाळी दारावर भाजीवाली छत्तीसगढीत "का लेबे दीदी?" विचारायची, वहिनी तिच्याशी मनसोक्त भांडायच्या, दादा पेपरातल्या बातम्या सगळ्यांना ऐकू जातील अशा वाचायचा. घामानं पाठ भिजायची आणि मला बरं वाटायचं. "वहिनी, मी आता मेले तर इथंच मरेन," मी एकदा म्हटलं. "मरायचं काय बोलून राहिल्या ताई सकाळी सकाळी? पोहे थंडे होऊन राहिले," वहिनी म्हणाल्या.

दादाच्याच घरी कायमचं राहायचं नाही, हे कुणी बोललं नाही आणि सगळ्यांना कळलं. भाड्यानं फ्लॅट बघायचं ठरलं. दादाची मुलगी नव्या रायपुरात नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी ती मला स्कूटरवर मागे बसवून न्यायची. मी मराठीत बोलायची, ती हिंदीत. "बुआ, आप बोलो ना, मुझे सब समझता है." समजतं तर बोल ना पोट्टे! पण पोरगी गुणाची, उन्हातान्हात हिंडायला कधी कुरकुरली नाही. एकदा ती मला बुढापाऱ्यातून घेऊन गेली. आम्ही जिथं वाढलो त्या घराच्या जागी मोबाइलचं दुकान झालंय. मला काही वाटलं नाही. मी भिंतींसाठी थोडीच आले होते?

तेलीबांध्याकडे नव्या इमारती खूप, रिकामे फ्लॅटही खूप. पण प्रत्येक घरमालकाचा पहिला प्रश्न, "कौन कौन रहेगा?" मी एकटी म्हटलं की चेहरा उतरायचा. एकानं तर तोंडावर विचारलं, "आंटीजी, कल को आपको कुछ हो गया तो?" मी म्हटलं, "कुछ तो होगा ही, भैया. आपको भी होगा." बाहेर आल्यावर भाची आधी पोट धरून हसली आणि मग मला रागावली, "बुआ, ऐसे तो कोई घर नहीं देगा." तरी तिनं हार मानली नाही. तिथल्या तलावाजवळच्या एका मालकाला मात्र तिनं विचार करायला राजी केलं.

त्याच आठवड्यात वहिनींकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. कैऱ्या मी किसल्या, डाळ मी वाटली, पन्ह्यात वेलदोडा मी घातला. दुपार कलल्यावर बायका यायला लागल्या. रेल्वेच्या क्वार्टरांमधल्या, बुढापाऱ्यातल्या जुन्या ओळखीच्या, सगळ्या नटूनथटून. कुणी मला ओळखलं, कुणी गालाला हात लावला, "अवं, तू तशीच आहेस!" खोटं बोलत होत्या, पण किती गोड! वहिनी पन्हं आणायला आत गेल्या आणि तेवढ्यात बुढापाऱ्यातल्या काकू आल्या. आईच्या मैत्रीण. माझ्या वेण्या घालून दिल्यात त्यांनी. चौरंगाजवळ कोयरी होती, मी उचलली आणि त्यांना कुंकू लावायला पुढे झाले.

तिकडे कॅनडात आमच्या मराठी मंडळात आम्ही हळदीकुंकवाला कुणाच्या तरी तळघरात जमतो. नवरा गेल्यावरही त्या बायका मला लावायच्या, मी त्यांना लावायची. दहाबारा बायका आम्ही, त्यात कोण कुणाला नाही म्हणणार? म्हणून मला आठवलंच नाही. खरंच सांगते, डोक्यातच आलं नाही.

काकूंनी मान मागे घेतली. थोडीशीच. "राहू दे बेटा, मी घरून लावून आली." शेजारची बाई उठून गौरीची आरास बघायला गेली. कुंकवात बुडवलेलं बोट मी तसंच धरून उभी! तेवढ्यात वहिनी आल्या. त्यांना एका नजरेत सगळं कळलं. त्यांनी माझ्या हातातून कोयरी घेतली आणि हळूच म्हणाल्या, "ताई, तुम्ही पन्ह्याचं पाहता का जरा?"

मी पन्ह्याचं पाहिलं. शेवटची बाई जाईपर्यंत स्वयंपाकघरातून ग्लास भरून देत राहिले. बोट साडीला पुसलं होतं, तो डाग पुढे निघाला नाही.

सगळ्या गेल्यावर वहिनी आत आल्या आणि माझा हात धरून रडायलाच लागल्या. "मले काही वाटत नाही हो ताई. देवाशपथ सांगते. पण मले यांच्यातच राहायचं आहे ना." मला राग येत नव्हता. राग आला असता तर बरं झालं असतं, निदान भांडले असते. मलाही यांच्यातच राहायचं होतं, त्याचसाठी तर आले होते.

संध्याकाळी भाची ऑफिसातून आली ती ओरडतच. "बुआ, वो तलाववाले अंकल मान गए! कल चाबी देंगे!" दादा अंगणात पाणी मारून खुर्ची टाकून बसला होता. मी त्याच्याजवळ बसले. पोरगी आत गेल्यावर म्हटलं, "दादा, त्यांना नाही सांगून दे. मी वापस जाते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आता हा "काहून?" विचारेल, मग मी रडेन, मग हा वहिनींवर चिडेल, मग मी म्हणेन, जाऊ दे, त्यांची काही चूक नाही. सगळं मी मनात जुळवून बसले होते. अन् खरं सांगू? तो नुसतं "राह ना वं" म्हणाला असता, तरी मी राहिले असते. काकूंसकट, त्या सगळ्या बायकांसकट राहिले असते.

"हव," दादा म्हणाला. "तिकडे दवाखाने तरी चांगले आहेत." आणि त्यानं आत हाक मारून चहा ठेवायला सांगितला. मी आल्यापासून त्याचा आवाज इतका मोकळा ऐकला नव्हता.