दंतमंजनाची स्लाइड

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नक्की ठाऊक नाही — पण हल्ली एका जागी बसवत नाही, म्हणून सांगून टाकतो.

ऐंशीच्या दशकात मी डोंबिवलीत सिनेमाच्या स्लाइड्स रंगवायचो. इंटरव्हलमध्ये पडद्यावर साडीच्या दुकानांच्या, क्लासच्या जाहिराती यायच्या ना — काचेवर हाताने काढलेल्या — त्या माझ्या. त्यात विनोद असायचा, म्हणून लोक लक्ष देऊन बघायचे. विनोद माझे? छे! कल्याणच्या एका रद्दीवाल्याकडून मी जुनी अमेरिकन मासिकं उचलून आणायचो. त्यातल्या व्यंगचित्रांमधल्या साहेबाला सदरा-लेंगा घालायचा, मडमेला साडी नेसवायची, की झालं माझं चित्र. त्यातल्या जाहिराती तर व्यंगचित्रांहून भारी. आधी माणसाला लाज वाटायला लावायची, मग हसवायचं, आणि तो हसतोय तोवर बाटली पुढे करायची. तोंडाला वास येतो म्हणून लग्न मोडलेल्या मुली, कॉफी बिघडली म्हणून रुसलेले नवरे — मला फार मजा यायची. का यायची, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

आमच्या ठाकुर्लीच्या चाळीत शैला राहायची. बालवाडीत शिकवायची. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, म्हणून हसताना पदर तोंडाशी न्यायची. हसायची मात्र खूप. गणपतीत मंडळाच्या फळ्यावर मी एक चित्र लावलं, तर सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझी माणसं अशी परक्यासारखी का उभी असतात रे? कुठून उतरवतोस?" पोरं फिदीफिदी हसली. थट्टाच होती, कळत होतं मला. तरी झोंबलं — खरं होतं ना!

मग एका दंतमंजनवाल्याचं काम आलं. मासिकात एक जाहिरात होती. नाचाच्या पार्टीत एक मुलगी एकटीच बसलीय आणि बाकीचे नाकाला रुमाल लावून लांब. मी पार्टीचं हळदीकुंकू केलं. सतरंजीच्या एका टोकाला बायका दाटीवाटीने, दुसऱ्या टोकाला ती मुलगी. खाली ओळ — 'हिच्या शेजारी कुणी का बसत नाही?' आणि त्या मुलीला — सांगतो, सांगतो — मी शैलाचा चेहरा दिला. पदर तोंडाशी येता येता राहिलेला, चढलेला दात दिसेल इतपत. चुकून नाही, मुद्दाम. साधेपर्यंत पुन्हा पुन्हा पुसून. इतकं मन लावून मी कधी काही काढलं नव्हतं.

ती स्लाइड ज्या थेटरात लागली, तिथेच शैला बालवाडीतल्या बायांबरोबर सिनेमाला गेली. इंटरव्हलला पडदा उजळला आणि पुढून चाळीतली पोरं ओरडली, "अरे, शैला! आपली शैला!" अख्खं थेटर हसलं. मी मागे उभा होतो. मला आनंद झाला, हेही सांगायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन आमच्या दारात आली. ह्याच काकूंच्या हातचं खाऊन मी मोठा झालेलो. शैला भांडली नाही. म्हणाली, "ती मीच आहे ना? नुसतं हो म्हण."

काय कठीण होतं? मी आत गेलो आणि मासिक घेऊन आलो. जी मासिकं मी पलंगाखाली दडवून ठेवायचो, त्यातलंच एक स्वतःहून उघडून काकूंपुढे धरलं. "काकू, हे बघा, अमेरिकेतलं चित्र आहे. मी नुसतं उतरवलं. ह्यात शैला कुठून येणार?" आजवर दुसऱ्यांची चित्रं माझी म्हणून खपवली होती, आणि एकच चेहरा खरंच मी काढलेला — तो दुसऱ्याचा म्हणून सांगितला.

काकूंना पार्टी दिसली, एकटी मुलगी दिसली, रुमाल दिसले. शैला वाकून बघत म्हणाली, "आई, हिचे दात बघ ना. सरळ आहेत." काकूंनी बघितलंच नाही. उलट तिच्यावरच डाफरल्या, "पुरे गं! पोरावर उगाच आळ घेतेस. माफी माग त्याची."

तिने माफी मागितली. आणि मी — मी "असू दे गं" म्हणालो.

स्लाइड पुढेही चालूच राहिली. काढून घेता आली नसती का? आली असती. पण काढली तर संशय येईल, ही भीती. शैलाने हळदीकुंकवाला जाणं सोडलं, मग बालवाडी सोडली. काकू सगळ्यांना सांगायच्या, 'आमची शैला जरा संशयीच आहे,' आणि चाळीला ते पटलंही.

पुढे तिचं लग्न झालं, ती शहाडला गेली. नव्वदचं दशक लागलं असेल. एका दुपारी मी काकूंकडे चहाला बसलो होतो, तेव्हा ती पिशवी घेऊन आली. सासरी हात उचलतात म्हणाली. परत जायचं नाही म्हणाली. काकू म्हणाल्या, "तुला सगळ्यांचं वाईटच दिसतं. ह्याच्यावरही असाच आळ घेतला होतास, आठवतंय ना?"

शैलाने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत होती.

मी कप खाली ठेवला, काकूंना येतो म्हणालो आणि चपला घातल्या. संध्याकाळच्या आत ती शहाडला परत गेली.