गोळीला वास नसतो

"हा कर," ती म्हणायची, आणि समोरचा माणूस निमूट तोंड उघडायचा. उपकेंद्राच्या ओट्यावर ताप दाखवायला आलेला गडी असो की एसटीचा कंडक्टर. नाक पुढे करून वास घ्यायची आणि तिथंच निकाल द्यायची. आमचे नवे डॉक्टर बिचारे पेपरमिंट चघळत होते, त्यांनाही तिनं दोनदा "हा" करायला लावलं.

मारेगावकडच्या ज्या गावात मी नर्स होते, तिथली दारू तिनं बंद पाडली होती. बाया जमवून मोहाचे मटके फोडले, सख्ख्या दिराचाही सोडला नाही. अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. गडीमाणसं तिला शिव्या घालतात आणि अडचण आली की तिच्याच दारात जातात.

पोटासाठी ती कापूस वेचणाऱ्या बायांची मुकादमीन होती. बोंडअळी येवो की भाव पडो, कापूस काही आपणहून घरी चालत येत नाही. दिवसभर वाकून कंबरेचा भुगा होतो. त्यावर किराणा दुकानात लाल-पिवळी कॅप्सूल मिळायची. सकाळी बायांनी कापूस भरायची ओटी कमरेला बांधली की मुकादमीनीनं चहा द्यायचा आणि चहासोबत कॅप्सूल, ही टोळीची रीत. आपल्या ओळीची पात वेचून संपेपर्यंत हिच्या टोळीतली एकही बाई पाठ सरळ करत नसे, आणि त्याचा हिला कोण अभिमान! स्वतःचा वाटा मात्र ती वाढवत गेली, कारण पहिल्याइतक्यात भागेना.

एकदा दुकानात माल आला नाही आणि ती माझ्याकडे आली. नाक गळतंय, अंगावर काटा, जांभयांवर जांभया, पोटात मुरडा. मी गोळीचं विचारलं.

"थे तं कंबरीची गोळी हाये वो सिस्टर. थे काय नशा हाये?"

मी म्हटलं, आहे. अफूच्याच जातीची आहे.

तिचा चेहरा उतरला. "नशा असती तं तोंडाले वास आला असता," एवढंच म्हणाली.

काय सांगणार कपाळ! साऱ्या गावाची तोंडं हुंगणारी बाई, आणि गोळीला वास नसतो.

तिची एकुलती पोर पहिल्या बाळंतपणाला येणार होती. नातवंडाला आपल्या हातानं न्हाऊ घालायचं, एवढीच तिची हौस, आणि गोळी नसली की हात थरथरायचे. बाळ यायच्या आत ही गोळी सुटली पाहिजे, म्हणाली.

मी व्यसनमुक्ती केंद्रात फोन लावला. बाईमाणूस म्हटल्यावर पलीकडचा गृहस्थ अडखळलाच. बायांची सोय नाही, नागपूरला विचारा. मी नागपूरचं काढलं तर ही भडकली. "मी तिकडं गेली तं उद्या गावात भट्ट्या लागतीन. आन् ज्याइचे मटके फोडले त्याइच्या बाजूच्या खाटेवर झोपू काय मी?"

शेवटी डॉक्टरांनी त्यांच्या सरांना फोन करून नीट समजून घेतलं, आणि घरीच औषधं देऊन गोळी हळूहळू उतरवायचं ठरलं. गावात सांगितलं, कावीळ झाली. झालं! टोळीच्या बाया दारात उसाच्या रसाचे तांबे ठेवू लागल्या. आत ही पाय झाडत पडलेली. "कोंडलं वो मले माह्याच घरात," म्हणायची, मला वाट्टेल ते बोलायची. मीही ऐकून घेणारी नव्हे. भांडत भांडत मी तिचे पाय चेपत बसायची. माया जडली होती माझी, दुसरं काय.

सुटली. पोर आली, नात झाली. हिनं तिला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं, टाळूवर तेल घातलं. मग वाकून म्हणाली, "हा कर." वास घेतला आणि मला डोळा मारला. "दुधाचाच हाये."

पुढं कापूस फुटला आणि टोळी बोलवायला आली. कंबर तशीच होती. ती कुठं बरी झाली होती? पहिल्या सकाळी शेतात चहा झाला आणि बायांनी मुकादमीनीचा वाटा तिच्यापुढं धरला. तिच्या मानाचा, तिच्या गैरहजेरीत पदराच्या गाठीत जपून ठेवलेला. नको म्हणावं तर का नको, ते सांगावं लागणार. तिनं पूर्वीइतकाच घेतला. अंगाची सवय मात्र मोडलेली होती.

दुपारी ती कापसाच्या ढिगावर आडवी झाली. बायांना बरंच वाटलं. काविळीतून उठली आहे, झोपू द्या. एकीनं ऊन लागू नये म्हणून तिच्या तोंडावर फडकं टाकलं. तिची पातही त्यांनीच वेचून दिली. घरी निघताना तिला उठवायला गेल्या.

मी पोचले तेव्हा अंगणात सारं गाव जमलं होतं. पोर नातीला घेऊन भिंतीशी बसली होती. तिचा दीर, ज्याचा मटका तिनं फोडला होता, डोळे पुसत मला विचारत होता, "सिस्टर, काविळीनंच गेली ना?"

कोणाला सांगणार नाही, असं मी तिला वचन दिलं होतं. पण टोळीच्या बाया समोरच बसल्या होत्या, पदराला तशाच गाठी.

"कावीळ नव्हती," मी म्हटलं. "गोळीनं गेली. सुटली होती तिची. सुटल्यावर जुना वाटा झेपत नाही."

पोरीनं मान खाली घातली. एका म्हातारीनं पदराची गाठ सोडली आणि गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या. बाकीच्या तशाच बसून राहिल्या. अर्धं शेत अजून वेचायचं होतं.