टाच खाली सोडताना

ही गोष्ट दोन हजार बावीस सालची, मी तेव्हा सदुसष्ट वर्षांचा. आज निजामपुऱ्याच्या यंत्रमागांच्या गल्लीतून जाताना तापलेल्या लूमच्या तेलाचा वास आला, डावं पाऊल आपोआप जपून पडलं, आणि ती दोन बोटं आठवली.

चौथीच्या पुढे मी शाळा पाहिली नाही, पण चाळीस वर्षं लूम दुरुस्त केले. चालत्या लूमवर नुसता तळवा ठेवून सांगायचो, हे बेअरिंग आठ दिवसांत जाणार. जायचंच. स्वतःच्या टाचेवर मात्र कधी हात ठेवला नाही. काम सुटलं, पण पाय स्वस्थ बसेनात. आमच्या गावामागे टेकडी आहे, वर देवीचं देऊळ. रोज सकाळी त्या दोनशे पायऱ्या एकदा चढायचो. पायथ्याच्या टपरीवर माझ्याच वयाचा जोडीदार चहा घेत बसलेला असे. एकदा बोलला, "मिस्त्री, एकदा तर बकरी पन चढते!" झालं. दुसऱ्या दिवसापासून मी पाचदा चढू लागलो, तेही पळत.

पंधरवड्यात डाव्या टाचेमागची शीर सकाळी लाकडासारखी ताठ होऊ लागली. पहिली दहा पावलं भिंत धरून टाकायची. मग ती गरम व्हायची आणि मी म्हणायचो, गेलं दुखणं. तेलानं रगडली, फडकं आवळलं, पुन्हा चढलो. लूम थांबला की शेठ बोलतो, एवढंच मी शिकलो होतो.

शेवटी सुनेनं पडघ्याला दवाखान्यात नेलं. तिथे व्यायाम करताना दुखावलेली अंगं बरी करणारी एक डॉक्टर पोर, सुनेहून लहान. तिनं शिरेवर दोन बोटं ठेवली, डोळे मिटले आणि एका जाडसर जागी थांबली. मी चमकलो. माझ्यासारखीच ती आतलं ऐकत होती.

"काका, चढल्यानं नाही झालं. एकाचे एकदम पाच केलेत म्हणून झालं. असंच रेटलंत तर तुटेल एक दिवस. मग देवी खालूनच बघायची."

"मग काय, खाटेवर पडू?"

"कोण म्हणालं? पायरीच्या कडेवर उभं राहायचं. दोन्ही पायांवर वर, मग दुखऱ्या पायावर टाच हळूहळू खाली. पंधरा वेळा, अशा तीन खेपा, रोज."

"एवढंच?"

"करून बघा. घाम फुटतो."

पुढच्या तीन-चार महिन्यांत जे घडलं त्याचं नवल अजून ओसरलेलं नाही. स्वतःहून भरून आलेलं बेअरिंग मी जन्मात पाहिलं नाही. आणि ही सदुसष्ट वर्षांची शीर, तिला बेतानं ओझं दिलं, मधे दम खाऊ दिला, तर आतल्या आत धागा धागा विणत राहिली. ना खडखडाट, ना शेठ. जन्मभर मी वर चढण्यालाच जोर म्हणत आलो. हिची सगळी दुरुस्ती सावकाश खाली येण्यात होती. आता पुन्हा देवळापर्यंत जातो, एकदाच.

पण सगळ्यांत अवघड होती ती पडघ्याहून आल्यानंतरची दुसरी सकाळ. जोडीदार टपरीवर बसलेलाच. मी पहिल्याच पायरीच्या कडेवर उभा राहिलो, कठडा धरला आणि टाच खाली सोडू लागलो.

"काय मिस्त्री, इंजिन सुरूच व्हत न्हाय?"

कान तापले. वर देवळात घंटा वाजली. मी मोजत राहिलो, तेरा, चौदा, पंधरा. तिन्ही खेपा पुऱ्या केल्या, खालूनच हात जोडले आणि घरी आलो.