उजवा का डावा?

परतूरच्या बाजारात आयुर्वेदिक औषधांचं एक जुनं दुकान आहे. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराला मी एकदाच भेटलो. आईच्या गुडघ्यासाठी सीबीडी तेल, म्हणजे भांगेच्या झाडाचं तेल, घ्यायला गेलो होतो.

चष्मा कपाळावर चढवून त्यांनी उपरण्याच्या टोकानं तीन बाटल्या पुसल्या आणि माझ्यापुढं मांडल्या. एक नुसतं बियांचं, एक चोळायचं, एक जिभेखाली थेंब टाकायचं. मी मोबाईलवर सगळं वाचून गेलो होतो. कशात सीबीडी हा भांगेतला औषधी घटक असतो, कशात नसतो, हे उलट त्यांनाच ऐकवलं. ते कौतुकानं मान हलवत राहिले.

"बराबर हाय. पण गुडघा कोणता? उजवा का डावा?"

ते मी आईला कधी विचारलंच नव्हतं.

तेव्हा ते गादीवरून उतरले, खाली मांडी घालून बसले आणि दुखणाईत माणसं कशी उठतात ते करून दाखवू लागले. कुणी हात टेकून, कुणी कुशीवर वळून, कुणी देवाचं नाव घेत. अजून आठवलं की हसू येतं.

"यातली तुमची आई कोणती?"

मी उगाच खिशातला मोबाईल चाचपला. त्यांनी बाटल्या परत फळीवर ठेवल्या.

"जल्दी न्हाई. आधी आईला उठताना बघा. मंग वैद्याला दाखवून चिठ्ठी आणा. तेल हितंच हाय."

हात हलवत परत आलो. राग आला होता, खोटं कशाला बोलू. आई ज्वारी निवडत बसली होती. मला पाहून चहा ठेवायला उठली आणि मी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

तिनं गुडघ्याला हातसुद्धा लावला नाही. कंबर धरली होती.