जीभरावांचा निकाल

त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोला तरी आठवत होतं की नाही, देव जाणे. सगळे त्यांना जीभराव म्हणत. जुनी मंडळी तर सांगतात की हे नाव त्यांनी स्वतःच दोनचार कानांत हळूच सोडलं, आणि मग लोक म्हणायला लागल्यावर "कशाला हो, कशाला" करत लाजले.

डोंगरउतारावरच्या कॉफीवाल्यांचा एक संघ होता. नियम कडक. पाखरांची मोठी झाडं तोडायची नाहीत, त्यांच्या सावलीतच कॉफी वाढवायची. विषारी फवारा मारायचा नाही, तण हाताने उपटायचं. पिकून लाल झालेलं फळ तेवढंच खुडायचं. एवढं केलं की माल समुद्रापार जाई, आणि तिकडची माणसं पाकिटावरचा पक्षी बघत, डोळे मिटून, तो घोट घोट पीत. पण कंबर मोडेपर्यंत नियम पाळले तरी शेवटी माल जावा लागे तो जीभरावांच्या जिभेवरून. संघाचे चवपारखी तेच.

चवीची खोली गोदामाच्या टोकाला होती. मध्ये गोल टेबल, त्यावर पांढरे कप, बाजूला थुंकायची बादली, आणि अंगणाकडे उघडणारी गजांची खिडकी. ज्याचा माल असेल तो खिडकीबाहेर गज धरून उभा. आत जीभराव पांढरा कोट चढवून, खिशातून स्वतःचा चमचा काढून (त्याला दुसऱ्याचा हात लागलेला चालत नसे) दळलेल्या कॉफीवर गरम पाणी ओतलेल्या कपावर वाकत. आधी वास. मग चमच्याने वर आलेली चोथ्याची साय फोडायची, की पुन्हा वास. मग एक घोट असा सुर्रकन ओढायचा की अंगणातली कुत्री कान टवकारत. मग पचकन बादलीत. आणि मग निकाल.

निकाल साधा "पास-नापास" असा देतील तर ते जीभराव कसले! एका विधवेच्या मालाला ते म्हणाले, "जळकं रबर." दुसऱ्याच्या मालाला, "आजारी बोकड." खिडकीतली माणसं हसत, कारण आज आपली पाळी नव्हती. आणि एकदा हसलेला शब्द माणसाला चिकटे. ती बिचारी विधवा रबरबाई झाली ती मरेपर्यंत, आणि मेल्यावरही लोक "रबरबाई गेली हो" असंच म्हणाले.

खुद्द मेव्हण्यालाही त्यांनी सोडलं नाही. बायकोचा पाठचा भाऊ तो. नियमाला इतका पक्का की बांधावरचं वठलेलं झाडसुद्धा त्याने पाखरांसाठी ठेवलेलं. त्याचा माल एका ओल्या हंगामात जरा दमट राहिला. जीभरावांनी सुर्रकन ओढलं, तोंड वाकडं केलं, बादलीत थुंकले आणि खिडकीकडे वळून म्हणाले, "ओलं पोतं! मेव्हणे, कॉफी आणलीत की पोतं भिजवून आणलंत?"

झालं. मेव्हणा त्या दिवसापासून पोत्या. पुढे त्याच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा त्यांनी नाक्यावर पत्ता विचारला तो, "पोत्याचं घर कुठलं?" असा. पाहुण्यांनी मुलगी बघितली, पसंतही केली, पण पोरीने आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसलं ते दोन दिवस बाहेर आली नाही. जीभराव लग्नात जेवून आले आणि म्हणाले, "चला, पोतं उजवलं."

घरी तर विचारूच नका. बायको सकाळी कॉफी पुढे करी. जीभराव एक घोट घेत आणि उठून मोरीत थुंकत. एक दिवस नाही, सगळा संसारभर. "माझी जीभ ही कमाईची जीभ आहे," ते म्हणत. "तुझ्या हातच्या काढ्यावर बिघडवू का?" ती बापडी दूध बदलून बघे, भांडं बदलून बघे, पाणी कमी-जास्त करून बघे. थुंकी काही चुकली नाही.

आणि मग एका तापात जीभरावांचं नाक गेलं.

म्हणजे जागेवर होतं, चांगलं लांबलचक होतं, पण त्याला वास येईना. ताप उतरून ते कामावर गेले, तर भाजणीच्या यंत्रातून धूर निघत होता, माणसं खोकत पळत होती, आणि हे डोळ्यांनी धूर बघून पळाले. जिभेला कडू, आंबट, गोड एवढंच कळे. बाकी सगळं कोमट पाणी. वैद्य झाले, डॉक्टर झाले, गुपचूप. येईल म्हणाले, आलं नाही.

आता दुसरा एखादा म्हणाला असता, बाबांनो, झालं माझं, दुसरा बघा. पण ती खुर्ची सोडली तर उरतं काय? एक चिडका म्हातारा आणि एक चमचा. शिवाय खिडकीबाहेरच्या सगळ्यांना नावं ठेवलेली. आपल्याला काय नाव पडेल, या विचाराने त्यांना घाम फुटे.

संघाचा व्यवहार एक बाई बघत. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्याही चव घेत, पण जीभरावांच्या नंतर, मानाने. जीभरावांनी आता मानच फिरवला. "आधी तुम्ही घ्या, मॅडम." मॅडम घोट घेत आणि हे त्यांच्या भुवयांकडे बघत. भुवया वर गेल्या की माल उत्तम. ओठ आवळले की खराब. लोक म्हणाले, म्हातारपणी माणूस किती मऊ झाला बघा, बाईमाणसाला पहिला मान देतो.

आणि गंमत म्हणजे, नाक गेलं आणि जीभरावांची कीर्ती वाढली! काही येतच नसल्यामुळे वाटेल ते बोलायची मोकळीक झाली. "जाईची फुलं... पिकलेलं संत्रं... शेवटी शेवटी मध." मॅडम हे सगळं पाकिटावर छापून घेत. समुद्रापारची गिऱ्हाइकं वेडी झाली. ज्याच्या तोंडून कधी रबर-बोकडापलीकडे काही निघालं नाही तो माणूस आता जाईखाली बोलेना.

हे असंच सुखाने चाललं असतं. घात केला तो बायकोच्या आनंदाने.

भाऊ परसातल्या भाज्या द्यायला आला, तर बहीण उजळून निघालेली. "अरे, सुधारले रे हे! मोरीकडे जातच नाहीत हल्ली. कप रिकामा करतात. काल तर माझ्याकडून दूध करपलं, घरभर वास. मी म्हटलं आता कप डोक्यात बसतो. तर हे म्हणतात, छान झालीय."

"करपलेल्या दुधाची?"

"हो ना! एवढ्या वर्षांनी, अरे." तिने पदराने डोळे टिपले. "म्हाताऱ्याला माया फुटली शेवटी."

पोत्याने बहिणीच्या पाठीवरून हात फिरवला. पण डोकं भलतीकडेच चालत होतं. त्या दिवशी तो घरी शीळ घालत गेला.

समुद्रापारची मोठी गिऱ्हाइकं यायची होती. स्वतः बाग बघायला, झाडं बघायला, पाखरं बघायला, आणि पाकिटावरचे शब्द ज्याच्या तोंडातून निघतात ते तोंड बघायला. मॅडम त्यांना आणायला फाटकापर्यंत गेल्या. टेबलावर कप मांडायचं काम त्या हंगामात मेव्हण्याकडे होतं. खिडकीबाहेर नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती, आणि सगळी नको तितकी गप्प होती.

"दाजी, पाहुणे येईपर्यंत हा एक बघून ठेवा," पोत्या म्हणाला. "माझाच आहे."

"मॅडम येऊ देत. आधी त्यांना..."

"दाजी, घरचं माणूस म्हणून म्हणतोय. एकदा तुमच्या तोंडून ऐकू दे. मग त्या आहेतच."

जीभरावांनी कपावर वाकून वास घेतला. काही नाही. चमचा बुडवला, सुर्रकन ओढलं. कोमट, थोडं कडू. मग त्यांनी सवयीने चेहरा शोधला. समोर मेव्हण्याचा होता. पोत्या कसा दिसत होता? एखाद्या बापाने पोराचं बारसं मांडावं तसा. छाती पुढे, डोळे ओलसर, ओठांवर हसू मावत नव्हतं.

जीभरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी डोळे मिटले. "जाई," ते म्हणाले. "ताजी, दव पडलेली जाई. त्यामागून संत्रं. मेव्हणे, शाबास! असा कप मी या टेबलावर चाखला नाही."

खिडकीत पहिल्यांदा रबरबाईचा मुलगा खुदकन हसला. मग सगळी खिडकीच फुटली. माणसं गजांवर डोकी आपटून हसत होती, कुणी नाकाला गमछा लावला होता, एकजण जमिनीवर बसला होता. पोत्याने टेबलाखालून एक गोणपाट काढलं, हिरवट, बुरसटलेलं, अजून ठिबकणारं, आणि जीभरावांच्या पुढ्यात अलगद ठेवलं.

"याच्यातच भिजवत ठेवली होती, दाजी. आठवडाभर. ओलं पोतं म्हणतात ते हेच ना? तुम्हीच शिकवलंत."

जीभरावांनी गोणपाट जवळ ओढलं. मग, खरं सांगायचं तर, त्यांनी वाकून त्याचा वास घेतला. पुन्हा घेतला. हे बघून खिडकी एकदम गप्प झाली, आणि गप्प झाल्यावर आणखी मोठ्याने हसली.

मॅडम पाहुण्यांना घेऊन आत आल्या, दारातच थबकल्या, नाक मुरडलं, आणि त्या बाईला एका श्वासात सगळं कळलं. पाहुण्यांना जरा अंगणातली झाडं बघायला लावलं, आणि पोतं बाहेर, कप बादलीत, दार सताड उघडं. मग त्या जीभरावांच्या कानाशी वाकल्या. आता हाकलतात, असं सगळ्यांना वाटलं.

"बसून राहा," त्या म्हणाल्या. "पाहुणे तुमच्यासाठीच आलेत. फक्त ओढायचं, थुंकायचं आणि डोळे मिटायचे. बोलायचं काय ते मी सांगेन."

जीभरावांनी ओढलं. पाहुण्यांनी फोटो काढले. पाहुणीने कौतुकाने विचारलं, काय काय लागतं? जीभरावांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी तोंड उघडायच्या आत खिडकीतून एक आवाज आला, "जाई!"

"जाई," जीभराव म्हणाले.

पाहुणी भारावून गेली.

खुर्ची त्यांची त्यांनाच राहिली. अजूनही गिऱ्हाईक आलं की त्यांना कोट घालून बसवतात आणि गेलं की कोट काढून घेतात. चमचा मात्र आता कोणीही वापरतो. आणि नाव? ते मेव्हण्याचं पुसलं गेलं. आता गावातली शेंबडी पोरंही रस्त्यात आडवी येतात आणि आपलं नाक चिमटीत धरून विचारतात, "काय जाईबाई, आज कसला वास?"

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी ते घरी पोचले तेव्हा भाऊ बहिणीला भेटून गेलेला होता. बायको नेहमीसारखीच चुलीपाशी होती. तिने कप भरला, त्यांच्यापुढे ठेवला आणि कधी नव्हे ती समोर बसली.

"घ्या."

त्यांनी घोट घेतला. कोमट. काहीतरी बुळबुळीत.

"कशी झालीय?"

त्यांनी कपावरून तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. भुवया बघितल्या, ओठ बघितले. संसारभरात एवढा वेळ त्यांनी त्या चेहऱ्याकडे कधीच बघितलं नव्हतं, त्यामुळे त्यात काय लिहिलंय ते त्यांना वाचता येईना.

"छान," ते म्हणाले. "छान झालीय."

"मग संपवा की."

त्यांनी संपवला. तळाशी काहीतरी दाताखाली करकरलं. ते तसेच बसून राहिले. मोरीपर्यंत उठून जायची त्यांची हिंमत झाली नाही.

बायकोने भांडं उचललं आणि कप पुन्हा काठोकाठ भरला.

"घ्या ना," ती म्हणाली. "भांडंभर आहे अजून."